पानांचं विसर्जन: गंजिफावरच्या एका खेळाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

आजपासून वही. मागचे दोन खेळ अर्धवट सुटले, कारण कोणता निर्णय का घेतला होता तेच महिन्याभरानं आठवेना. यावेळी लिहून ठेवतो.

बेत असा: मोबाइलवर एकट्यानं खेळायचा, पत्त्यांचा, प्रवासाचा खेळ. गावोगाव फिरायचं, वाटेत भेटेल त्याच्याशी डाव टाकायचा, जिंकलं की नवं पान मिळवायचं, गड्डी घडवत पुढं जायचं. पानं मात्र इस्पिक-बदामाची नाहीत, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची. मावशीनं लग्नात दिलेली पेटी सहा वर्षं कपाटात पडून होती, ती काल काढली. १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आकडा कुठंच लिहिलेला नाही, मासे मोजायचे.

नोकरी बिलिंगच्या सॉफ्टवेअरची. त्यामुळं हे काम शनिवार-रविवारी आणि लाइट असेल तेव्हा.

९ जून, रविवार

नवं काही करायच्या आधी चांगलं यंत्र उघडून बघावं म्हणून दिवसभर ‘स्ले द स्पायर’ हा संगणकावरचा पत्त्यांचा खेळ खेळलो, पण हिशेबनीसासारखा, वही घेऊन. अँथनी जिओव्हानेट्टी आणि केसी यानो यांच्या मेगा क्रिट या छोट्या कंपनीचा खेळ. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला, जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. आज या प्रकारातला जो तो खेळ त्याच्याकडं बघून बनतो. माझाही.

पहिल्या पात्राची सुरुवातीची गड्डी फक्त १० पानांची: ५ वार, ४ ढाली आणि एक जरा जड फटका. दर फेरीला हातात ५ पानं येतात, खर्चायला ३ एकक ताकद असते. वाराला ६ इजा, ढालीला ५ बचाव. शत्रू पुढच्या फेरीत काय करणार ते त्याच्या डोक्यावर आकड्यासकट दिसतं. खरी मेख इथंच आहे. पुढं काय येतंय ते उघड असतं, म्हणून हरलो तर नशिबाला शिव्या घालता येत नाहीत.

लढाई जिंकली की तीन पानं समोर येतात. एक घ्या, किंवा एकही घेऊ नका. नवशिका दर वेळी घेतो, मुरलेला खेळाडू पुष्कळदा हात जोडून पुढं जातो. उलट दुकानात गड्डीतलं पान काढून टाकायला पैसे पडतात: पहिल्यांदा ७५, मग दर वेळी २५ जास्त. म्हणजे पान मिळतं फुकट आणि टाकायला मोल मोजावं लागतं. घरातल्या माळ्यासारखंच.

माझ्याकडं ताकदीला ‘दम’ म्हणणार, शत्रूच्या उघड्या चालीला ‘बेत’. शत्रू हा शब्दच नको खरं तर. समोरचा खेळगडी. त्याचा जीव जात नाही, पत जाते.

१५ जून, शनिवार

या खेळांची दोन घराणी आहेत, आणि मला दोन्हीकडचं हवंय. अडचण तिथंच आहे.

एक घराणं साठवणाऱ्यांचं. १९९७ चा मायक्रोप्रोज या कंपनीचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ घ्या. नावाजलेले खेळ-रचनाकार सिड मायर यांनी तिथल्या शेवटच्या काळात त्यावर काम केलं होतं. शांदालार नावाच्या प्रदेशात फिरायचं, वाटेतल्या प्राण्यांशी आणि मांत्रिकांशी डाव खेळायचे. प्रत्येक डावाला दोन्ही बाजू एकेक पान पणाला लावतात. हरलात तर ते पान कायमचं गेलं. माझ्या ओळखीच्या एका दादाचं तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये लाडकं पान गेलं होतं, त्याबद्दल तो अजून हळहळतो. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९८ मध्ये, जपानात गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ आला. आठ क्लब, त्यांचे आठ वस्ताद, ६० पानांची गड्डी आणि बाकीचं सगळं वहीत. पान एकदा मिळालं की तुमचंच. वही भरत जाते आणि तेच समाधान.

दुसरं घराणं दर प्रवासाला नवा संसार मांडणाऱ्यांचं. २०१४ चा ‘ड्रीम क्वेस्ट’ त्यातलाच, पीटर व्हेलन यांनी केलेला. चित्रं शाळकरी पोरानं पेन्सिलीनं काढल्यासारखी (माझी चित्रं बघून मला याचा फार आधार वाटतो). त्याच वाटेवर पुढं ‘स्ले द स्पायर’. मेलात की गड्डी गेली, पुन्हा १० पानांवर.

साठवणाऱ्याला काहीच टाकावंसं वाटत नाही आणि लढणाऱ्याला टाकल्याशिवाय गत्यंतर नसतं. १२० पानांची एवढी देखणी पेटी दाखवायची आणि मग सांगायचं, की यातली १२च ठेव? कोण ऐकेल?

२२ जून, शनिवार

आजचा दिवस सार्थकी लागला. गंजिफाच्या नियमांत एक खोच आहे: राजा आणि प्रधान सगळीकडं वरचढ, पण त्यांच्याखाली पाच रंगांत दहा सर्वांत मोठं आणि एक सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं. तिथं एक्का मोठा, दहा फालतू. शिवाय दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडं तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडं तो.

हे दोन्ही एकत्र केलं. (हा माझा आगाऊपणा, परंपरेत असं काही नाही.) दर तीन लढायांनी दिवस मावळतो किंवा उजाडतो. सरळ रंगाचं पान दिवसा त्याच्या आकड्याएवढा वार करतं, रात्री ११ वजा आकडा. उलट्या रंगाचं नेमकं विरुद्ध. म्हणजे मत्स्याचा एक्का दिवसा १ आणि रात्री १०. कोणतंही पान उचला, दिवस-रात्र मिळून बेरीज ११च. एकही पान दुसऱ्याहून सरसकट भारी नाही. तोल सांभाळण्याचं अर्धं काम नियमानंच करून टाकलं!

अशी उलथापालथ आधी कुणी केलीय का, हे आठवत बसलो तर गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा २००४ चा ‘किंगडम हार्ट्स: चेन ऑफ मेमरीज’ आठवला. तिथं पानांवर ० ते ९ आकडे, मोठा आकडा लहानाला फोडतो. पण शून्य नंतर टाकलं तर ते कशालाही फोडतं आणि आधी टाकलं तर कशानंही फुटतं. त्या शून्याचा दरारा अजून लक्षात आहे.

२३ जून, रविवार

अक्षरांनी दिवस खाल्ला. जुना सांगाडा गोडो या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीतला होता, त्यात नावं टाकली तर ‘मत्स्य’चे सगळे पाय मोडके दिसायला लागले, ‘कूर्म’चा रफार क आणि म यांच्या मध्येच लोंबकळतोय, ‘नरसिंह’ची वेलांटी स च्या चुकीच्या बाजूला. जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणाच त्या आवृत्तीत नाही. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ती, म्हणजे हार्फबझ, आहे, त्यामुळं तिथं देवनागरी नीट उमटते. सगळं ४.२ वर हलवलं. निम्मा कोड मोडला तो वेगळाच.

फॉन्ट टिरो देवनागरी मराठी. ल आणि श आपले, हिंदीचे नाहीत. हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मला दिसतं ना.

२९ जून, शनिवार

सावंतवाडी. पहाटेची एसटी, आजऱ्यावरून. आंबोलीत धुक्यानं समोरची गाडीही दिसत नव्हती.

मोती तलावासमोरच्या राजवाड्यात चित्रकार बसून पानं रंगवताना बघायला मिळतात. तासभर नुसता उभा होतो. ही कला जवळपास संपत आली असताना राजघराण्यानं ती पुन्हा उभी केली. राजमाता सत्वशीलादेवी भोसले स्वतः एका वयस्कर चिताऱ्याकडून शिकल्या आणि मग इतरांना शिकवलं. याच वर्षी भौगोलिक मानांकनही मिळालंय. जुनी पद्धत म्हणजे चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटायचं, रंगवायचं, वरून लाख.

कामाची गोष्ट वेगळीच कळली. गोल पानाला कोपरा नसतो. हे घरी बसून सुचलं नव्हतं. पडद्यावरच्या सगळ्या पत्त्यांच्या खेळांत पानाची किंमत डाव्या कोपऱ्यात असते, कारण हातातली पानं पंख्यासारखी धरली की तेवढाच भाग उघडा राहतो. गोल पानांचा पंखा केला की दिसते फक्त कड. आणि जुन्या पानांच्या कडेला नक्षीचं वळं असतंच! म्हणून ‘दम’ आता कडेच्या ठिपक्यांत: साध्या पानाला एक, प्रधानाला दोन, राजाला तीन. आकडा मात्र मधोमध छापावाच लागणार. मोबाइलवर नऊ कासवं मोजत बसायला कुणाला वेळ आहे?

चितार आळीतून भाच्यासाठी लाकडी भोवरा घेतला.

६ जुलै, शनिवार

पानं नीट पिसली जात नव्हती. तीच तीच पानं वर येत होती. आधी वाटलं भास असेल, मग तीनच पानांची गड्डी करून लाखभर वेळा पिसली आणि मोजलं. भास नव्हता.

चूक अशी: प्रत्येक पानाची अदलाबदल मी गड्डीतल्या *कोणत्याही* जागेशी करत होतो. तीन पानांना अशा ३×३×३ = २७ वाटा होतात, आणि तीन पानांचे क्रम आहेत ६. २७ ला ६ नं भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच. बरोबर रीत फिशर-येट्सची: शेवटून सुरुवात करा, आणि प्रत्येक पान फक्त अजून न हललेल्या पानांमधल्या एखाद्याशी (किंवा स्वतःशीच) बदला. ३×२×१ = ६. बास. एका ओळीतल्या एका आकड्याचा फरक.

१५ वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय आणि पत्ते पिसता येत नाहीत. आजोबांना सांगितलं असतं तर हसले असते.

१४ जुलै, रविवार

पहिली परीक्षा. परीक्षक भाचा, वय ११, निर्दयी.

“मामा, हा पाच नंबर कोण घेईल?”

बरोबर आहे. दिवसा ५, रात्री ६. काय दिवे लावणार? तो फक्त एक्के आणि दहाच उचलत होता. बेरीज ११ म्हणजे तोल झाला असं मी समजलो होतो, पण खेळाडू बेरीज खेळत नाही, या क्षणाचं पान खेळतो.

दुरुस्ती: ५ आणि ६ टाकलं की आणखी एक पान ओढायला मिळेल. ४ आणि ७ तूर्त जसेच्या तसे.

२७ जुलै, शनिवार

पंचगंगा पात्राबाहेर. दोन दिवस लाइट जाऊन येऊन आहे. कागदावरच काम. काही विशेष नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

दुरुस्तीनंतर भाचा आणि ऑफिसमधला एक मित्र, दोघंही नऊ लढायांच्या आत हरतात. दोघांच्याही गड्ड्या बघितल्या तर फुगलेल्या. पानं टाकायची सोय आहे, पण एकदाही वापरलेली नाही. मित्र म्हणाला, “टाकू कशाला? रात्री लागेल की.”

माझाच नियम माझ्या अंगावर आला. प्रत्येक पान कधी ना कधी उपयोगी, म्हणून कुणी काहीच टाकत नाही.

हिशेब मांडून बघितला. सुरुवातीच्या १० पानांत ४ कूर्माची, म्हणजे ढालीची. पहिल्या ५ पानांत एकही कूर्म न येण्याची शक्यता २५२ पैकी ६, म्हणजे सुमारे २.४ टक्के. आता तीच ४ कूर्म ठेवून गड्डी २० पानांची करा. १५,५०४ पैकी ४,३६८, म्हणजे २८ टक्के! दर चार लढायांतल्या एकीत पहिल्याच फेरीला उघडे पडणार. आणलेली दहाही पानं ढालींपेक्षा भारी असली तरी.

हे समजावून सांगता येतं, पण सांगून कुणी पान टाकत नाही. डबे आवर म्हटल्यावर कोण आवरतं?

१७ ऑगस्ट, शनिवार

उपाय पहिला: पेटी आणि बटवा. सगळी पानं पेटीत, लढाईला बटव्यात फक्त १२. पोकेमॉनच्या खेळासारखं. कागदावर झकास.

प्रत्यक्षात भाचा अर्धा तास बटवा लावत बसला आणि मग “कंटाळा आला” म्हणून भोवरा घेऊन गेला. मित्रानं उलट केलं, एकदा लावला तो पुन्हा उघडलाच नाही. बाद.

रात्री झोप येईना म्हणून ‘बातेन काइतोस’ या खेळाचं आठवत होतो, गेमक्यूब या यंत्रावरचा, २००३ चा. त्यात पानं वेळेनुसार बदलतात. हिरवं केळं पिकतं, मग सडतं. शाम्पूचं पान ३३६ तास सांभाळलं तर त्याचे सुंदर केस होतात. ३३६ तास! पूर्ण १४ दिवस खेळ चालू. करणारे वेडे आणि सांभाळणारे त्याहून. पण त्यात एक शहाणपण आहे: पान जातं तेव्हा ते काहीतरी होऊन जातं. नुसतं नाहीसं होत नाही.

‘इन्स्क्रिप्शन’मध्येही तेच. तिथं मोठा प्राणी मांडायला छोट्याचा बळी द्यावा लागतो, म्हणून खारींची वेगळी गड्डीच दिलेली. डॅनियल मलिन्स यांनी तो खेळ २०१८ च्या लुडम डेअर या खेळ बनवण्याच्या स्पर्धेतल्या छोट्या प्रयोगातून वाढवला, आणि स्पर्धेचा विषयच होता बळी.

३१ ऑगस्ट, शनिवार

आई चहा घेऊन आली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली. मी पान टाकण्याची खूण तपासत होतो. कचऱ्याचा डबा. वर झाकण हलतं, आवाजही लावलाय.

“अरे, नरसिंहाला कचऱ्यात टाकतोस?”

काय उत्तर देणार? दोन महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. डबा काढला. तिथं आता नुसती फुली आहे, आणि ती त्याहून वाईट दिसते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

घरगुती गणपती आणि गौरींचं विसर्जन. ऑफिसला सुट्टी नव्हती, अर्ध्या दिवसात पळालो. कुंडापाशी गर्दीत उभा असताना शेजारची छोटी मुलगी हुंदके देत होती आणि तिचे बाबा सांगत होते, अगं येणार आहे तो परत, पुढच्या वर्षी. भोवती सगळे ओरडतच होते: पुढच्या वर्षी लवकर या.

तिथंच मोबाइलवर टिपलं:

पान टाकायचं नाही, विसर्जन करायचं. विसर्जन केलेलं पान पुढच्या प्रवासात लवकर येतं.

२२ सप्टेंबर, रविवार

दोन शनिवार-रविवार यातच गेले. आता असं चालतं: दिवस-रात्र बदलते त्या संधिकाळी वाटेत पाणवठा लागतो. तिथं एक पान सोडता येतं, फुकट. या प्रवासापुरतं ते गेलं. पण पुढच्या प्रवासात पहिल्या तीन लढायांत जिंकल्यावर जी पानं समोर मांडली जातात त्यांत ते असणारच. आणि मुख्य म्हणजे पेटीतली १२० घरं फक्त विसर्जनानं भरतात. जिंकून नाही. पान आधी मिळवा, त्याच्याबरोबर काही लढाया काढा, मग पाण्यात सोडा. तेव्हा पेटीत त्याची जागा रंगते.

साठवायचं असेल तर सोडावं लागेल. दोन्ही घराण्यांचं भांडण मिटलं की नाही ते भाचा सांगेल.

फुली गेली. पान तरंगत जातं, कडेचं वळं शेवटी बुडतं. चित्र बरं जमलंय, माझ्या मानानं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. जेवणं झाल्यावर भाच्याच्या हातात मोबाइल दिला आणि काही न सांगता शेजारी बसलो.

पहिल्याच पाणवठ्याला त्यानं परशुरामाचं ३ सोडलं. पेटी उघडून रंगलेलं घर बघितलं. दुसऱ्या पाणवठ्याला पुन्हा एक. गड्डी ११ च्या वर जाऊच दिली नाही, आणि हे मी त्याला शिकवलेलं नाही. बारावी लढाई पहिल्यांदाच पार.

मग त्याला रामाचा राजा मिळाला. तीन दम, पण समोरच्याची निम्मी पत एका फटक्यात. पुढचा पाणवठा आला तेव्हा बोट राजावर ठेवून तो बराच वेळ थांबला.

“मामा, हा नक्की येणार ना परत?”

“पहिल्या तीन लढायांत.”

“तू लिहिलंयस ना तसं? नक्की?”

सोडला नाही. पुढच्याच लढाईत हरला, राजा हातात असताना, दम दोनच उरलेले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आतून नाचत होतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत काही झालं नाही, फराळ झाला.

मित्राचं म्हणणं, पहिले तीन डाव फार सोपे. खरंय. सोडलेली भारी पानं लगेच परत येतात त्यामुळं. समोरच्या खेळगड्यांची पत पेटीतल्या रंगलेल्या घरांच्या हिशेबानं वाढवून बघतोय. ‘स्ले द स्पायर’वाल्यांनी हे असले तोल हजारो खेळाडूंच्या डावांची आकडेवारी गोळा करून साधले. माझ्याकडं दोन खेळाडू आहेत, त्यातल्या एकाची सहामाही झाली आत्ताच.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सव्वासातला बहिणीचा फोन. पलीकडं भाचा, रागानं लाल.

“मामा, तू खोटारडा आहेस. नरसिंहाचा राजा सोडला काल. आलाच नाही. पाच लढाया झाल्या.”

दिवसभर शोधलं. परत यायच्या पानांची यादी बरोबर, तीन लढायांची अट बरोबर, साठवण बरोबर. बाकी नऊ रंगांची पानं इमानदारीत परत येत होती, एकटा हाच रंग कधीच नाही. दुपारी चारला सापडलं. पानांच्या यादीत मी ‘नरसिंह’ लिहिलंय आणि पाणवठ्याच्या फाइलमध्ये ‘नृसिंह’. संगणकाला ते दोन वेगळे देव. सोडलेला एक, वाट बघतोय दुसऱ्याची.

नावांवरून ओळख पटवायची पद्धतच काढून टाकली, आता प्रत्येक पानाला १ ते १२० क्रमांक. नवी फाइल बहिणीच्या फोनवर पाठवली, भाच्याचा हरवलेला राजा हातानं त्याच्या यादीत घातला.

पानावर काय छापायचं, नरसिंह की नृसिंह, ते आईला विचारलं. “दोन्ही बरोबर,” म्हणाली, “पण कचऱ्यात नको.”

संध्याकाळी भाच्याचा मेसेज: ‘आला. दुसऱ्या लढाईला.’

४ आणि ७ चं अजून काहीच केलेलं नाही.